बर्फाच्या वहीतली नोंद

वादळाला कुणीतरी लांबून नाव ठेवलं होतं.
आम्ही ते कधी तोंडात घेतलं नाही.
'ते येऊन गेलं' एवढंच म्हणायचो,
वसुलीवाल्याबद्दल बोलावं तसं.

बंदरावर जनरेटर एकच,
सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात.
डिझेल बोटींसाठी ठेवलेलं,
आणि बोटी एकमेकींवर चढून खाडीत आडव्या.
चेअरमन म्हणाले, लावा मग मोबाइल.

मी तिथला कारकून.
लाद्यांच्या वहीत, जिथे 'बोटीचे नाव' छापलंय,
तिथे माणसांची नावं लिहू लागलो.
मोबाइलला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आकडा.
टॉवर तर झोपलेला;
चार्ज करून लावायचा कुणाला,
हे कुणी विचारलं नाही.

पहिले चार दिवस नुसती मोजणी.
दातार : पोफळी साडेतीनशे, उभ्या अकरा.
नाखवा : जाळी सगळी, इंजिन एक.
आकडा सांगून झाला की माणूस गप्प,
पुढच्याचा मोठा निघाला तर वर ओशाळा.

पाचव्या संध्याकाळी दातार म्हणाले,
माझ्या विहिरीत पत्रा पडलाय. कुणाचा?

हिरा चोगले म्हणाली, निला असंल तर माज्या पडवीचा.
म्हटलं व्हतं ह्यांना, वायसर घाला खिल्यांना.
इस्माईल नाखवा उठूनच उभा राहिला :
मशिदीवरून गेला तो! फटीतून बघितला मी,
तव्यावर भाकरी उलटावी तसा
एकदाच उलटला, सावकाश.
शाळेच्या शिपायाने तिथून पुढे घेतला,
झेंड्याच्या खांबाला वाकवून गेला म्हणाला.
भंडारवाड्यातला वसंत म्हणाला, माझ्या माडाचा शेंडा त्यानंच तासला,
मी खाली गोठ्यात, म्हशीच्या पोटाला चिकटून,
आणि म्हैस, खोटं नाही सांगत, रवंथ करत होती.

हसलो आम्ही. पाच दिवसांनी.
हसताना सगळ्यांनी एकदा दाराकडे बघितलं.

जो तो आपापल्या फटीतून एकेक क्षण बघितलेला.
ते क्षण सांधत सांधत
पत्रा आम्ही पडवीपासून विहिरीपर्यंत नेला.
दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतली माणसं आली,
मोबाइल अर्धे भरलेले,
म्हणाली, सुरुवातीपासून सांगा.

सुंद्री रघुवीर रोज यायची.
नवऱ्याचा मोबाइल, आत खारं पाणी.
तो लागणार नव्हता. मी रोज लावायचो.
आकडा एकतीस.
दोन तास भिंतीला टेकून बसायची,
परत घ्यायची, पदराला पुसायची, जायची.

अकराव्या दिवशी पत्रा मशिदीवर पोचला होता,
इस्माईलचा हात हवेत,
तेव्हा भिंतीकडून आवाज आला :
निला नव्हता.
हिरवा व्हता.
मशिदीच्या आधी आमच्या होडीवरून गेला.
हे दोर आवलत व्हते.
वर बघून हसले,
मला हात केला, बघ, बघ म्हणून.

जनरेटर धडधडत राहिला.
इस्माईलने हात खाली घेतला.
मग हिरा, जिचा तो पत्रा,
जिने बचतगटाच्या पैशातून तो रंग निवडून आणला होता,
म्हणाली : हिरवाच गो. माजंच चुकलं.

विहिरीतून पत्रा काढला तेव्हा मी दोर धरून होतो.
रंग सांगणार नाही.

त्या रात्री गोष्ट पुन्हा पडवीपासून सुरू झाली.
या वेळी वाटेत होडी होती,
होडीत माणूस होता,
आणि तो वर बघून हसत होता.
सुंद्रीने दोनदा मधेच थांबवून दुरुस्त केलं.

बाविसाव्या दिवशी वीज आली.
वहीत त्या तारखेला, लाद्यांच्या रकान्यात,
माझ्याच अक्षरात आहे : पत्रा, हिरवा, नग एक.

ऑडिटच्या साहेबांनी त्याखाली लाल रेघ मारली,
विचारलं, हे काय?
म्हटलं, बसा. चहा सांगतो.
आणि बाहेर डोकावून हाक मारली,
हिराताईंना बोलवा, सुरुवात त्यांच्याकडे आहे.